वाचकांचे प्रश्न : मोक्रा गावची लढाई

दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या दिवसावरच्या मागच्या अंकातल्या लेखात मोक्रा या पोलिश खेड्याचा जेमतेम चार ओळींचा उल्लेख होता. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलिश घोडदळाच्या एका ब्रिगेडने तिथे जर्मनांची अख्खी रणगाडा डिव्हिजन दिवसभर थोपवून धरली, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : गूगलवर मोक्रा शोधलं की पोलंडमध्ये वेगवेगळी ठिकाणं दाखवतात. लढाईचं मोक्रा नेमकं कोणतं? (घंटाळी, ठाणे)

मोक्रा, मोक्रे, मोक्री अशा नावांची गावं पोलंडभर विखुरली आहेत, त्यामुळे नुसत्या नावाने शोधलं तर फसायला होतं. पोलंडमधलं कुठलंही खेडं शोधताना नावासोबत तीन पायऱ्या लिहाव्यात : ग्मिना म्हणजे गावांचा गट, पोव्यात म्हणजे आपल्या तालुक्याच्या जवळपास जाणारा विभाग, आणि मग प्रांत. आपलं मोक्रा म्येज्नो ग्मिनेत, क्वोबुत्स्क पोव्यातात आणि सिलेशिया प्रांतात आहे. अक्षांश सुमारे ५१ अंश उत्तर, रेखांश सुमारे १९ अंश पूर्व. क्वोबुत्स्क हे छोटं शहर त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे. काळ्या मेरीच्या चित्रासाठी प्रसिद्ध असलेलं तीर्थस्थान चेंस्तोहोवा आग्नेयेला वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे.

एक खबरदारी घ्यावी लागते. आजचा प्रांत १९३९ च्या कागदांत सापडणार नाही. तेव्हा हा भाग कील्त्से प्रांतात, चेंस्तोहोवा पोव्यातात मोडत होता. जुन्या नोंदींत 'सिलेशिया' शोधत बसलात तर हाती काहीच लागायचं नाही. शिवाय त्या काळच्या लष्करी नकाशांवर एकच मोक्रा नाही, तर मोक्रा पहिलं, दुसरं आणि तिसरं अशा तीन वस्त्या दिसतात. लढाईच्या वर्णनांत हे आकडे सतत येतात आणि ते गाळले की कोण कुठे होतं याचा सगळा गोंधळ होतो.

प्रश्न : घोडदळाने रणगाडे अडवले हे काही पटत नाही. भाले आणि तलवारी घेऊन रणगाड्यांवर धावून जाण्याची ती गोष्ट हीच का? (ऐरोली)

ती गोष्ट ही नव्हे, आणि ती तशी घडलेलीही नाही. तिचं मूळ उत्तरेकडच्या क्रोयान्ती या दुसऱ्या गावात आहे. त्याच १ सप्टेंबरला तिथे १८ व्या उलान (पोलिश घोडदळ) रेजिमेंटच्या स्वारांनी जर्मन पायदळावर तलवारीने हल्ला चढवला आणि पायदळ पांगलंही. तेवढ्यात चिलखती गाड्या आल्या, त्यांच्या मशीनगनच्या माऱ्यात स्वार सापडले आणि रेजिमेंटचे कर्नल काझिमिएश मास्तालेश मारले गेले. नंतर तिथे नेलेल्या इटालियन पत्रकारांनी मेलेले घोडे आणि शेजारी उभे रणगाडे पाहिले, त्यातून 'रणगाड्यांवर भाल्यांनी चाल' ही बातमी जन्माला आली. जर्मन प्रचारयंत्रणेने ती उचलून धरली आणि पुढे कित्येक वर्षं चांगल्या चांगल्या पुस्तकांतूनही ती येत राहिली. मुळात भाला पोलिश घोडदळाच्या लढाऊ साहित्यातून १९३० च्या दशकातच गेला होता. उरला तो निशाणं लावायला आणि संचलनाला.

आता मोक्रा. इथे कर्नल युलियन फिलिपोविच यांची व्होल्हिनिया (तेव्हाच्या पोलंडचा पूर्वेकडचा प्रदेश) घोडदळ ब्रिगेड होती. ती जनरल यूल्यूश रुमेल यांच्या 'वूच' (इंग्रजी नकाशांवर Lodz) या शहराच्या नावाच्या सैन्याच्या अगदी दक्षिण टोकाला होती. (हे रुमेल म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटातले जर्मन रोमेल नव्हेत.) तिच्या दक्षिणेला दुसऱ्या सैन्याची हद्द सुरू होत होती, आणि दोन सैन्यांच्या मधल्या या सांध्यावरच जर्मनांचं सोळावं रणगाडा कोअर चालून आलं. मोक्रावर आलेली चौथी रणगाडा डिव्हिजन जनरल गेओर्ग-हान्स राइनहार्ट यांची. तिच्याकडे तीनशेच्या वर रणगाडे होते. सरहद्द इथून साधारण ठाणे-कल्याण इतक्या अंतरावर. पहाटे सरहद्द ओलांडलेले रणगाडे सकाळीच गावासमोर हजर झाले.

पोलिश स्वार घोड्यावरून यायचे आणि जमिनीवर उतरून लढायचे. घोड्याचं काम पोहोचवण्याचं. लढाई सुरू झाली की घोडे मागच्या झाडीत जायचे आणि ते सांभाळायला काही स्वार मागे ठेवावे लागायचे. म्हणून कागदावरचं संख्याबळ खंदकात कधीच पूर्ण दिसत नाही. घोडदळ रेजिमेंटची ही जन्माची उणीव आहे आणि मोक्रालाही ती होतीच.

ती भरून काढली दोन गोष्टींनी : जमिनीने आणि रणगाडाविरोधी शस्त्रांनी.

जमीन अशी आहे. सगळा मुलूख सखल, वाळूमिश्रित मातीचा, मधूनमधून पाइनची जंगलं आणि ओलसर कुरणं. पश्चिमेकडून येणाऱ्याला आधी जंगल लागतं, मग मोकळी शेतं आणि त्यात वस्त्यांची घरं, आणि मागे उत्तर-दक्षिण जाणारा लोहमार्ग. हा मार्ग सिलेशियाचा कोळसा बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्दिन्या बंदरात नेण्यासाठी बांधलेला आणि १९३३ मध्ये पूर्ण झालेला. आघाडीला समांतर जाणारा त्याचा भराव म्हणजे बचाव करणाऱ्याला आयता आडोसा आणि रणगाड्यांना आडवा अडथळा. जंगलातून बाहेर पडलेला रणगाडा मोकळ्या शेतात उघडा पडतो, समोरून आणि बाजूने त्याच्यावर नेम धरता येतो, आणि जंगलाच्या वाटांवर रणगाडे एकामागे एक येत असल्याने त्यांची संख्या एकदम अंगावर येत नाही. त्या उन्हाळ्यात पाऊस फारच कमी झाला होता, जमीन कोरडी आणि नद्या आटलेल्या होत्या. ओली माती रणगाड्यांना रुतवेल ही पोलिश सैन्याची आशा मात्र त्यामुळे फोल ठरली.

शस्त्रांचं म्हणाल तर जर्मन डिव्हिजनचे बहुतेक रणगाडे हलके होते. 'पान्झर एक'वर नुसत्या दोन मशीनगन, चिलखत १३ मिलिमीटर. 'पान्झर दोन'वर २० मिलिमीटरची छोटी तोफ, चिलखत त्याहून किंचितच जाड. समोर पोलिश बाजूला स्वीडनच्या बोफोर्स कंपनीच्या परवान्याने पोलंडमध्येच बनवलेली ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ होती, प्रत्येक घोडदळ रेजिमेंटला चार. ती बुटकी आणि हलकी, घोड्यांनी ओढता येणारी आणि झुडपाआड लपणारी. जवळच्या पल्ल्यावर ती १९३९ च्या कुठल्याही जर्मन रणगाड्याला भेदू शकत होती. शिवाय ब्रिगेडच्या घोडेस्वार तोफखान्याच्या ७५ मिलिमीटरच्या तोफा होत्या. त्यांचं काम दुरून मारा करण्याचं, पण मोक्राला रणगाडे इतके जवळ आले की गोलंदाजांनी नळ्या सपाट करून थेट नेम धरून गोळे डागले.

तिसरं शस्त्र '३५ नमुन्याची' रणगाडाविरोधी रायफल. ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. कॅलिबर साध्या रायफलीइतकंच, ७.९२ मिलिमीटर. पण नळी सव्वा मीटरच्या आसपास लांब, काडतूस खूप मोठं आणि गोळीचा वेग प्रचंड. गोळीच्या गाभ्यात कठीण पोलाद नव्हतं, साधं शिसंच होतं. ती चिलखताला टोचून आरपार जात नसे. आदळून पसरायची आणि चिलखताचाच गोल तुकडा आतल्या बाजूला उडवायची. तो तुकडा आतल्या माणसांना आणि यंत्राला लागायचा. शंभर मीटरच्या आत ती हलक्या रणगाड्यांसाठी घातक होती. तोटे दोन. एवढ्या दाबाने नळी लवकर झिजायची, दोन-तीनशे गोळ्यांनंतर बदलावी लागायची. आणि हे शस्त्र इतकं गुप्त ठेवलं होतं की बंद पेट्या जवळजवळ युद्धाच्या तोंडावरच उघडल्या, त्यामुळे ती चालवणाऱ्यांना सराव फार थोडा मिळाला.

दिवसभरात जर्मनांनी अनेकदा हल्ले चढवले. सुरुवातीला रणगाडे नीट टेहळणी न करता आणि पुरेसं पायदळ सोबत न घेता पुढे घुसले, आणि मोठं नुकसान तिथेच झालं. नंतर ते मोकळ्या पट्ट्यातून रुळांपर्यंत आणि तोफांपर्यंत येऊन भिडले. त्या वेळी पोलिश चिलखती आगगाडी 'श्म्यावी', क्रमांक ५३, त्या मार्गावर आली आणि तिने रुळांजवळच्या रणगाड्यांवर अगदी जवळून तोफा चालवल्या. ब्रिगेडच्या दोन माणसांच्या चिमुकल्या टँकेटही प्रतिहल्ल्यात उतरल्या. वस्त्या पेटल्या होत्या, धूर आणि धुळीत काही दिसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ब्रिगेड जागेवर टिकून होती. रात्री ती पूर्वेला ओस्त्रोवीच्या दिशेने मागे सरकली, कारण शेजारच्या भागात आघाडी मागे हटली होती आणि तिथे थांबणं म्हणजे वेढ्यात सापडणं.

पोलिश बाजूचे सुमारे ५०० सैनिक ठार-जखमी झाले आणि काहीशे घोडे गेले. बाद झालेल्या रणगाड्यांचे आकडे दोन्ही बाजूंच्या कागदांत जुळत नाहीत. एक तर अडकलेला किंवा रूळपट्टा तुटलेला रणगाडा पोलिश सैनिक 'नष्ट' म्हणून मोजत, आणि जर्मन तोच ओढून नेऊन दुरुस्त करत. रणांगण ज्याच्या हाती राहतं त्याला आपले रणगाडे परत मिळतात, हे विसरून एखादा मोठा आकडा छातीठोकपणे सांगू नये, एवढीच वाचकांना विनंती. याच चौथ्या डिव्हिजनला आठवडाभरात, ८ आणि ९ सप्टेंबरला, वॉर्साच्या वेशीवर पुन्हा मार खावा लागला. तिथेही चूक तीच : रणगाडे पुढे, पायदळ मागे.

प्रश्न : लढाईनंतर गावकऱ्यांचं काय झालं? लेखात सैनिकच आहेत, माणसं नाहीत. (कोपरी, ठाणे)

तुमची तक्रार योग्य आहे. मोक्राच्या वस्त्या लढाईत जळाल्या. आसपासच्या खेड्यांतून पहिल्या काही दिवसांत जर्मन सैन्याने निःशस्त्र लोकांना मारलं, पार्झिमिएखी हे त्यातलं एक गाव. ४ सप्टेंबरला चेंस्तोहोवा शहरात झालेलं हत्याकांड 'रक्तरंजित सोमवार' म्हणून ओळखलं जातं. हे सगळं एसएस किंवा गेस्टापोने केलं असं समजण्याचा प्रघात आहे, पण त्या पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच हत्या नेहमीच्या सैन्याच्या तुकड्यांनी केल्या.

त्यानंतर सरहद्द बदलली. क्वोबुत्स्क आणि मोक्राचा परिसर थेट जर्मन राइशमध्ये सामील केला गेला, तर चेंस्तोहोवा शहर 'जनरल गव्हर्नमेंट' नावाच्या वेगळ्या जर्मन अंमलाखाली गेलं. बाजाराचं शहर एकीकडे आणि खेडी दुसरीकडे, मध्ये पहारा. क्वोबुत्स्कमध्ये ज्यूंची मोठी वस्ती होती, तिथल्या लोकांना १९४२ मध्ये आउश्विट्झला नेलं गेलं. सोव्हिएत सैन्य जानेवारी १९४५ मध्ये या भागात पोहोचलं.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला युद्धकाळात पोलिश लोक राहिले होते, ते अशाच गावांतून आले होते का? (कळवा)

वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८ अशी चालली आणि तिथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते मोक्राच्या बाजूचे नव्हते, पोलंडच्या अगदी विरुद्ध, पूर्व टोकाचे होते. पण मोक्राशी त्यांचा धागा जुळतो, आणि तो ठळकपणे सांगायला हवा असं आम्हाला वाटतं.

मोक्राला लढलेली ब्रिगेड 'व्होल्हिनिया'ची, कारण शांततेच्या काळात तिचं ठाणं तिथेच होतं. मुख्यालय रुव्ने शहरात, १९ वी उलान रेजिमेंट ओस्त्रूगला, घोडेस्वार तोफखाना दुब्नोला. ही सगळी ठिकाणं आज युक्रेनमध्ये आहेत. म्हणजे पश्चिम सरहद्दीवर रणगाडे अडवणाऱ्या अनेक सैनिकांची घरं पूर्वेला होती. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य त्याच पूर्वेकडून आत आलं. १९२० च्या पोलंड-सोव्हिएत युद्धानंतर माजी पोलिश सैनिकांना व्होल्हिनियात जमिनी देऊन वसवलं होतं. १० फेब्रुवारी १९४० च्या पहिल्या हद्दपारीत सोव्हिएत पोलिसांनी प्रामुख्याने ही कुटुंबं आणि वनखात्याचे लोक उचलले आणि ऐन थंडीत उत्तर रशिया व सैबेरियात नेले. ३० जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका झाली. सोव्हिएत भूमीवर उभ्या राहिलेल्या जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यासोबत १९४२ मध्ये बरेच जण इराणला पोहोचले आणि तिथून काही कुटुंबं हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी होती, तिला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी आसरा दिला. वळिवडे हे त्याहून मोठं, कुटुंबांचं ठिकाण.

एखाद्या कुटुंबाचा शोध घ्यायचा असेल तर आडनाव पोलिश लिपीतल्या खुणांसकट मिळवा. इंग्रजी यादीतल्या स्पेलिंगवर विसंबलात की शोध तिथेच अडकतो. बाईचं आडनाव '-स्का' आणि त्याच घरातल्या पुरुषाचं '-स्की' असतं, ही दोन वेगळी कुटुंबं नव्हेत. जन्मसाल आणि वडिलांचं नाव हवंच, कारण सोव्हिएत कागदांत माणूस वडिलांच्या नावानेच ओळखला जातो. मग १९३९ आधीचं गाव आणि पोव्यात. सैनिक असेल तर वॉर्सातलं लष्करी अभिलेखागार पाहावं. व्होल्हिनियातल्या कॅथलिक चर्चच्या जुन्या जन्म-विवाह नोंदवह्यांचा बराचसा भाग वॉर्साच्या जुन्या दस्तांच्या मध्यवर्ती अभिलेखागारात आहे आणि त्यातला पुष्कळ आज घरबसल्या पाहता येतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलं मोक्राच्या रणभूमीचा उठावाचा नकाशा करणार आहेत. प्रमाण काय घ्यावं आणि काय साहित्य लागेल? (एक शिक्षिका, नेरूळ)

बाई, प्रमाण १ : ५,००० घ्या. ५ किलोमीटर बाय ४ किलोमीटरचा पट्टा १०० बाय ८० सेंटिमीटरमध्ये बसतो आणि दारातून आत-बाहेर नेता येतो.

उंचीचा खरा प्रश्न आहे. हा मुलूख जवळजवळ सपाट. २.५ मीटरची एक समोच्चरेषा या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची होते, म्हणजे दिसणारच नाही. म्हणून उभी उंची पाचपट करा. मग प्रत्येक रेषेला अडीच मिलिमीटर, साध्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक थर. पाचपटच्या पुढे जाऊ नका, नाहीतर मोक्राचा सह्याद्री होईल आणि मुलांना वाटेल की लढाई डोंगरात झाली. 'उभी उंची पाचपट' हे नकाशाच्या कोपऱ्यात ठळक लिहा.

समोच्चरेषा पोलंडच्या सरकारी जिओपोर्टलवर मोफत मिळतात. जंगलाच्या कडा मात्र तिथल्या आजच्या हवाई छायाचित्रांवरून घेऊ नका. जंगल वाढतं, तुटतं, पुन्हा लावलं जातं, आणि या लढाईत जंगलाची कड म्हणजेच सगळं काही. त्या कडा युद्धापूर्वीच्या पोलिश लष्करी नकाशावरून घ्या. त्याचं प्रमाण १ : १,००,०००, म्हणजे १ सेंटिमीटरला १ किलोमीटर. तो स्कॅन स्वरूपात इंटरनेटवर आहे. तुमच्या प्रमाणात आणायला वीसपट मोठा करावा लागेल, रेषा जाड आणि धूसर होतील. लोहमार्ग आणि रस्त्यांचे फाटे दोन्ही नकाशांत एकमेकांवर आणून बसवले की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

तळाला १२ मिलिमीटरचं प्लायवुड घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत पुठ्ठा वाकडा होतो, त्यात पाणी घातलेला फेविकॉल लावला तर हमखास. फेविकॉल घट्टच, पातळ थरात आणि काठापर्यंत लावा. प्रत्येक दोन थरांनंतर वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. घाई केली की मधला भाग फुगतो आणि गाव टेकडीवर जातं. पृष्ठभागावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचा एक थर द्या, पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिक रंग लावा. पोस्टर कलर दमट हवेत हाताला लागतो.

पाइनचं झाड १५ मीटरचं धरलं तर ३ मिलिमीटर. प्रत्येक झाड करायच्या फंदात पडू नका, रंगवलेला लाकडाचा भुसा गोंदावर दाबून चिकटवा. मात्र झाडांची उंची पाचपट करू नका, नाहीतर जंगलच भिंतीसारखं दिसेल. लोहमार्गाचा भराव पुठ्ठ्याच्या ३ मिलिमीटर रुंद पट्टीने करा आणि त्याला जमिनीसारखंच पाचपट धरा, दोन-तीन मिलिमीटर. तो हाताला लागला पाहिजे, कारण बघणाऱ्याला लढाई तिथून कळते.

रणगाड्यांच्या प्रतिकृती लावू नका. 'पान्झर दोन' साडेचार-पाच मीटर लांब, म्हणजे तुमच्या नकाशावर जेमतेम १ मिलिमीटर. बाजारातली खेळणी ठेवली की एकेक रणगाडा अख्ख्या वस्तीएवढा होतो, आणि दुकानात मिळतो तो बहुधा टायगर, जो १९४२ शिवाय रणांगणावर आलाच नाही. रंगीत डोक्याच्या टाचण्या वापरा, एक टाचणी म्हणजे एक स्क्वाड्रन किंवा कंपनी. सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या हालचाली तीन वेगवेगळ्या पारदर्शक प्लास्टिक शीटवर काढा आणि मुलांनी बोलताना एकेक शीट वर ठेवावी. सगळे बाण एकाच नकाशावर काढले तर दोन मिनिटांत कोणालाच काही कळत नाही.

प्रश्न : पोलंडला जाणं होणार आहे. मोक्राला एका दिवसात जाऊन येता येईल का? (खारघर)

येईल. शेंगेन व्हिसा लागतो, आणि पोलंडचं महावाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. मुक्काम चेंस्तोहोवाला ठेवा. वॉर्साहून तिथे आगगाडीने साधारण अडीच तासांत पोहोचता येतं. पुढे क्वोबुत्स्कपर्यंत बस मिळते, पण मोक्रासाठी गाडी भाड्याने घ्या, कारण गावात परतीच्या वाहनाची खात्री नसते. लढाईचं स्मारक गावात आहे आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे दरवर्षी सोहळा होतो, त्या दिवशी गर्दी असते. जमीन बघायची असेल तर दुसरा कुठलाही दिवस निवडा. आधी पश्चिमेच्या जंगलाच्या कडेला उभं राहून गावाकडे बघा, मग रुळांच्या बाजूने उलट जंगलाकडे. रुळांवर मात्र चढू नका, हा मालगाड्यांचा वाहता मार्ग आहे. थंडीत धुकं आणि बर्फ असतं, दिवसही लवकर मावळतो. मे ते सप्टेंबर हे महिने बरे.